जाहिरात आणि जनहित

१९७६ सालच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून भारतीय दूरचित्रवाणीने व्यापारी जाहिराती स्वीकारण्यास प्रारंभ केला. आणीबाणी पुकारल्याला तेव्हा सहा महिने उलटून गेले होते. दूरचित्रवाणी अद्याप आकाशवाणीच्याच दप्तरी जमा होती व तिचे स्वतंत्र खाते होण्यास आणखी तीन महिने अवकाश होता. आणि १९७२ सालच्या गांधीजयंतीस सुरू झालेले मुंबईचे केंद्र अवघ्या सव्वातीन वर्षांचे होते. साबण, दंतमंजन, चहा आणि डोकेदुखीच्या गोळ्या यांच्या जाहिराती तोवर चित्रपटगृहांतील पडद्यावर आणि १९६७ पासून विविध भारतीवर लोकांच्या परिचयाच्या झाल्या होत्याच. परंतु शेती, आरोग्य, साक्षरता आणि कुटुंबनियोजन यांच्या प्रसारासाठीच आपले अस्तित्व आहे अशी ज्या माध्यमाची सरकारदरबारी धारणा होती, आणि ज्याने १९७५ च्या ऑगस्टपासून अमेरिकन उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत लोकशिक्षणाचा प्रयोग मांडला होता, त्या माध्यमाच्या अंगणात व्यापाऱ्याला पाचारण करणे ही लहानसहान घटना नव्हती.

त्या दिवसापासून एकाच पडद्यावरून दोन वक्ते बोलू लागले. एकाला, म्हणजे सरकारला, लोकांच्या वर्तनात पालट घडवून आणावयाचा होता. दुसऱ्याला, म्हणजे व्यापाऱ्याला, आपला माल खपवावयाचा होता. पुढील चार-साडेचार दशकांत या दोघांनी एकमेकांची विद्या अशी काही आत्मसात केली, की सरकारने राष्ट्रीय ऐक्याचा विषय जाहिरातवाल्यांच्या हाती सोपवला आणि साबण विकणारी कंपनी बालमृत्यूविषयी बोलू लागली. ही देवघेव तपासताना एक कसोटी मी हाताशी ठेवली आहे. भावनेला आवाहन करणे मला मुळीच गैर वाटत नाही. कीर्तनकार, शाहीर आणि नाटककार शतकानुशतके तेच करीत आले आहेत, आणि निव्वळ आकडेवारीने कोणाचे मन वळल्याचे उदाहरण विरळाच. प्रश्न इतकाच, की प्रेक्षकाचा कंठ दाटून आल्यावर त्याला करावयास काय सांगितले जाते, आणि ते सांगण्याचा अधिकार सांगणाऱ्याने कोठून मिळवलेला असतो.

या विद्येचा ओनामा दूरचित्रवाणीच्या आधीच गिरवला गेला होता, आणि तो ज्या विषयावर गिरवला गेला त्याची किंमत महाराष्ट्रातील एका माणसाने फार पूर्वीच मोजली होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, प्राध्यापकी सोडावी लागली तरी तो विषय सोडला नाही, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदरमोड करून चालवले, अश्लीलतेच्या आरोपाखाली खटले सोसले (त्यांपैकी एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले होते), आणि १९५३ च्या ऑक्टोबरात त्यांचे निधन झाले तेव्हा भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतल्याला जेमतेम एक वर्ष झाले होते. ज्या गोष्टी लिहिल्याबद्दल कर्व्यांना न्यायालयात खेचण्यात आले, त्याच पुढच्या दीड दशकात सरकारी खर्चाने गावोगावच्या भिंतींवर रंगवण्यात आल्या: उलटा लाल त्रिकोण, त्याच्या जोडीला आई, बाप, मुलगा आणि मुलगी असे चार हसरे चेहरे, आणि ‘दो या तीन बच्चे, बस’ हा उपदेश. १९६८ साली ‘निरोध’ बाजारात आला. त्याच्या वाटपासाठी सरकारने आपल्या दवाखान्यांवरच भिस्त न ठेवता चहा, साबण, सिगारेट आणि विजेऱ्या विकणाऱ्या बड्या कंपन्यांची वितरणव्यवस्था वापरली, आणि तीन नगांची पुडी पंधरा पैशांना किराणा दुकानातून व पानपट्टीच्या गादीवरून मिळू लागली. व्यापाऱ्याच्या मार्गाने लोकहिताची वस्तू पोचवण्याचा जगातील हा पहिल्या मोठ्या प्रयोगांपैकी एक होता. त्या चार हसऱ्या चेहऱ्यांत भीतीचा लवलेश नव्हता. लहान कुटुंबाचे सुख हेच तेथे दाखवलेले होते, आणि काय करावे, कोठे जावे, किती पैसे पडतील, हेही तेथेच सांगितलेले होते.

आणीबाणीने या सौजन्याचा घात केला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांना, तलाठ्यांना आणि पोलिसांना माणसे आणण्याचे कोटे ठरवून देण्यात आले. आणि आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करून राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी धाडले. ती मंजुरी मिळाली नाही, हे आपले भाग्य. पडद्यावर गोड शब्दांत चाललेली विनवणी आणि दाराशी उभी असलेली सरकारी मोटार यांतील अंतर उत्तरेकडच्या खेड्यांनी त्या वर्षी अंगावर सोसले, आणि ते विसरले गेले नाही. १९७७ नंतर खात्याचे नाव पालटून ‘परिवार कल्याण’ करण्यात आले. पण गमावलेला विश्वास कागदोपत्री परत येत नसतो. तो पंचवीस वर्षांनी एका निराळ्याच मोहिमेत आडवा आला, त्याची हकीकत पुढे येईलच.

ऐंशीच्या दशकात रंगीत चित्रण आले, राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि १९८४ च्या जुलैत ‘हम लोग’ ही मालिका आली. मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांनी कौटुंबिक कथानकातून साक्षरतेचा व कुटुंबनियोजनाचा प्रसार करण्याची जी पद्धत बसवली होती, तिच्या धर्तीवर मनोहर श्याम जोशी यांनी ही मालिका लिहिली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार प्रेक्षकांशी घरातल्या वडीलधाऱ्याप्रमाणे हितगुज करीत. या मालिकेचा खर्च उचलला तो नुकत्याच भारतात आलेल्या मॅगी नूडल्सने. येथे प्रथमच असे घडले, की लोकशिक्षणाचा भार व्यापाऱ्याने स्वखुशीने खांद्यावर घेतला व त्याच्या बदल्यात लाखो घरांत शिरकाव मिळवला. पहिल्या काही भागांतील उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही म्हणून कुटुंबनियोजनाचा सूर पुढे बराच खाली उतरवण्यात आला आणि कौटुंबिक नाट्य वाढवण्यात आले. लोकशिक्षणाला जेव्हा पुरस्कर्ता मिळतो, तेव्हा प्रेक्षकसंख्या हा त्याचा पहिला कायदा बनतो, हे तेव्हाच दिसून आले होते.

त्याच सुमारास स्वस्त निरमाच्या आक्रमणाने हैराण झालेल्या सर्फने लिंटास संस्थेच्या अॅलेक पदमसी यांच्या देखरेखीखाली ललिताजी निर्माण केली. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, हिशेबात काटेकोर आणि तरीही महाग साबणाची पावडर घेणारी ही गृहिणी कविता चौधरी यांनी उभी केली. मला ती जाहिरात आजही मोलाची वाटते, कारण घरातील स्त्री ही विचार करणारी, हिशेब जाणणारी व्यक्ती आहे हे तिने गृहीत धरले होते. पुढच्याच वर्षी ‘रजनी’ मालिकेत प्रिया तेंडुलकर यांनी अशीच जाब विचारणारी गृहिणी घराघरांत नेली, आणि त्या मालिकेच्या एका भागावर मुंबईच्या टॅक्सीचालकांनी मोर्चा काढला. पुण्याजवळ आकुर्डीला तयार होणाऱ्या बजाज स्कूटरने १९८९ साली ‘हमारा बजाज’ म्हणत स्वतःला राष्ट्राचे चित्रच म्हणवून घेतले. जपानी सहकार्याने बनलेल्या मोटारसायकली बाजारात उतरल्या होत्या, आणि एके काळी ज्या वाहनाचा क्रमांक लागण्यासाठी लोक वर्षानुवर्षे वाट पाहत, त्याला आता देशाभिमानाची साथ घ्यावी लागली. जाहिरात सुंदर होती यात शंका नाही. परंतु तिने प्रेक्षकाला करावयास सांगितले ते एकच, आणि ते कारखान्याच्या हिताचे होते.

या काळातील सर्वांत उन्नत निर्मिती मात्र अशी आहे, की जिच्यात विकण्याजोगे काहीच नव्हते. १५ ऑगस्ट १९८८ रोजी लाल किल्ल्यावरील पंतप्रधानांच्या भाषणानंतर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे सुमारे सहा मिनिटांचे चित्रगीत प्रथम प्रक्षेपित झाले. लोकसेवा संचार परिषदेसाठी ते करणारी सारी मंडळी जाहिरातीच्या धंद्यातली होती. कल्पना ओगिल्व्ही संस्थेच्या सुरेश मलिक यांची, शब्द त्यांच्याच हाताखालच्या पियुष पांडे यांचे, दिग्दर्शन जाहिरातपटांत मुरलेल्या कैलाश सुरेंद्रनाथ यांचे, आणि संगीताच्या बाजूला लुई बँक्स व आपले अशोक पत्की. गिरगावातील बी. दत्ताराम यांच्या संस्थेपासून, म्हणजे १९०५ पासून, मुंबईत जो धंदा वाढत गेला, त्याने मालाची भलामण करता करता कमावलेले सारे कसब येथे देशाच्या चरणी वाहिले. प्रारंभी पंडित भीमसेन जोशी भैरवीचे स्वर लावतात तो धबधबा कोडाइकॅनालजवळचा पांबार धबधबा होय, आणि याच धबधब्याखाली सुरेंद्रनाथांनी पूर्वी लिरिल साबणाची प्रसिद्ध जाहिरात चित्रित केली होती. एकच जागा, एकच दिग्दर्शक. एकदा लिंबाच्या गंधाचा साबण, एकदा किराणा घराण्याचा स्वर.

मी हे चित्रगीत अनेकदा न्याहाळून पाहिले आहे. त्यात देशाचा शत्रू दाखवलेला नाही, संकट दाखवलेले नाही, भीतीचा आधार घेतलेला नाही. चौदा भाषांतून तीच ओळ फिरत जाते, आणि मराठीची पाळी येते तेव्हा आगगाडीत तनुजा दिसतात. पंजाब, आसाम आणि काश्मीर यांविषयीची चिंता ज्या काळी देशाला ग्रासून होती, त्या काळी हा निर्मितीचा विवेक सोपा नव्हता. माझ्या कसोटीवर मात्र ते एका ठिकाणी अपुरे उतरते: प्रेक्षकाला करावयास त्यात काही सांगितलेले नाही. त्याच्या चौदा वर्षे आधी, १९७४ साली, विजया मुळे यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला ‘एक अनेक और एकता’ हा लहानसा व्यंगपट या बाबतीत पुढे होता असे मला वाटते. वसंत देसाई यांच्या संगीतावर रचलेल्या त्या पटात एका पारध्याच्या जाळ्यात अडकलेले पक्षी एकजुटीने जाळेच घेऊन उडून जातात. ऐक्य म्हणजे काय ‘करणे’ हे लहान मुलाला त्यातून हाताने दाखवल्यासारखे कळते.

नव्वदच्या दशकाविषयी थोडक्यातच सांगतो. उपग्रहवाहिन्या आल्या, सरकारी एकाधिकार संपला, आणि भावना हेच जाहिरातीचे मुख्य भांडवल झाले. घर सोडून निघालेला आणि जिलबीच्या नावाने माघारी वळलेला धारा तेलाचा लहान मुलगा, क्रिकेटच्या मैदानात बंदोबस्त चुकवून नाचत शिरलेली कॅडबरीची तरुणी, ही निरागस उदाहरणे झाली. निरागस नसलेल्या उदाहरणांत गोरेपणाच्या मलमाची जाहिरात अग्रगण्य मानावी लागेल. मुलगा असता तर घराला हातभार लागला असता असे बाप म्हणतो, सावळी मुलगी ते ऐकून खचते, मलम लावून गोरी होते आणि विमानसेविका होते, अशी तिची कथा होती. मुलीच्या अंतःकरणातील सर्वांत दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचे, आणि उपाय म्हणून तिच्या कातडीचा रंग बदलायला सांगायचे, याहून अधम आवाहन मला सुचत नाही. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने हे प्रकरण लावून धरले, माहिती व नभोवाणी मंत्रालयाकडे तक्रार गेली, आणि २००३ साली ती जाहिरात मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी त्याच कंपनीने मुलींच्या शिक्षणासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. ते प्रतिष्ठान ज्या मुलींना शिष्यवृत्त्या देत होते त्यांना त्या उपयोगी पडल्या असतील, आणि तेवढ्यापुरते मी त्याचे स्वागतच करतो. परंतु मलमाचे नाव पालटण्यास २०२० साल उजाडावे लागले.

आता पोलिओकडे येतो, कारण भावनिक आवाहनाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा या दोन्हींची इतकी स्वच्छ रुजुवात दुसऱ्या कोणत्याही मोहिमेत होत नाही. देशव्यापी पल्स पोलिओ लसीकरण १९९५ च्या डिसेंबरात सुरू झाले. ‘दो बूँद जिंदगी की’ ही घोषणा आणि तिचे चित्रपट ओगिल्व्हीच्या पियुष पांडे यांच्याकडून आले व अमिताभ बच्चन यांनी ते आपल्या आवाजाने सर्वदूर नेले. अमुक रविवारी, पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला, जवळच्या केंद्रावर घेऊन या: विनंती इतकी नेमकी होती की ती ऐकूनही काय करावे हे कळले नाही असे म्हणण्यास कोणालाही मुभा नव्हती. तरीही २००२ साली देशात १,६०० मुले पोलिओने पंगू झाली, आणि त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होती. पश्चिम उत्तर प्रदेशातील अनेक मुसलमान वस्त्यांत असा समज पसरला होता, की या थेंबांत मुलांना पुढे अपत्य होऊ नये असे काही मिसळलेले आहे. हा समज आकाशातून पडलेला नव्हता. १९७६ साली त्याच टापूत सरकारी माणसे दाराशी येऊन पुरुषांना धरून नेत होती, आणि सरकार फुकट काही देऊ लागले तर त्यामागे काय असते हे त्या घरांतील आजोबांनी पाहिलेले होते. रघुनाथराव कर्व्यांनी आयुष्यभर ज्या विषयासाठी स्वखुशीचा आग्रह धरला, त्या विषयात सक्ती झाल्याचे व्याज पंचवीस वर्षांनंतर लहान मुलांच्या पायांनी फेडले.

नुसत्या गोड विनंतीने तेथे काम भागेना, तेव्हा बच्चन रागावले. हात जोडणारा, समजूत घालणारा नट एकाएकी पडद्यावरून प्रेक्षकांची निर्भर्त्सना करू लागला. लसीकरणाचा दिवस उलटून गेला आणि केंद्र ओस पडले, याबद्दल तो आई-बापांना धिक्कारू लागला. ज्या माणसाला लोकांनी दोन दशके अन्यायाविरुद्ध चिडताना पाहिले होते, त्याचा राग घरच्या माणसाच्या रागासारखा लागला असावा. लसीकरण केंद्रावर आलेल्या बायांनी ‘अमिताभजी रागावले म्हणून आलो’ असे सांगितल्याची हकीकत या मोहिमेतील मंडळी पुढे अनेकदा सांगत. पण केवळ एका नटाच्या रागाने पोलिओ गेला असे म्हणणे हा त्या मोहिमेतील माणसांवर अन्याय होईल. एकेका राष्ट्रीय फेरीत सुमारे २३ लाख लसटोचक व स्वयंसेवक सुमारे १७ कोटी मुलांपर्यंत पोचत. मुलाच्या करंगळीला शाई लावली जाई, घराच्या दारावर खडूने खूण केली जाई. सर्व मुलांना डोस मिळालेल्या घरावर इंग्रजी ‘पी’, आणि कोणी राहून गेले असल्यास फुलीची खूण, म्हणजे त्या घरी पुन्हा जावयाचे. मशिदींतून आवाहने झाली, स्थानिक मौलवींचे दाखले घेण्यात आले, स्थलांतरित मजुरांच्या मुलांना रेल्वे स्थानकांवर व वीटभट्ट्यांवर गाठण्यात आले. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावड्यात शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशियाचा प्रदेश पोलिओमुक्त जाहीर केला. पडद्यावरच्या त्या आवाहनामागे खडू घेऊन दारोदार फिरणारी एवढी माणसे उभी होती, म्हणून ते आवाहन खरे ठरले.

एड्सविषयीच्या जाहिरातींचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. नव्वदच्या दशकात शबाना आझमी यांनी दूरदर्शनवरून स्पर्शाने हा रोग होत नाही, स्पर्शाने प्रेमच वाढते, असे सांगितले. त्या एका वाक्याने रुग्णांच्या नातेवाइकांना जो धीर दिला असेल त्याचे मोल मोठे आहे. २००२ च्या अखेरीस मुंबईत ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ असा प्रश्न फलकांवर, बसथांब्यांवर, नभोवाणीवर आणि दूरचित्रवाणीवर अवचित झळकला. हा पाशा कोण, याची लोकलच्या डब्यातून आणि चहाच्या टपऱ्यांवरून चर्चा होऊ लागली, आणि लोक दबक्या आवाजातही ज्याचे नाव घेत नव्हते त्या रोगाविषयी मोठ्याने बोलू लागले. स्त्रीसंघटनांचा आक्षेप मात्र गंभीर होता: मंजुळा नावाच्या वेश्येच्या पात्राद्वारे सारा दोष वेश्यांच्याच माथी मारला जातो, गिऱ्हाईक मात्र विनोदाचा विषय होते. आक्षेप मला पटतो. आणि तरीही त्या मोहिमेने लोकांना नेमके काय करावे, तपासणी कोठे करावी, हे सांगितले होते हेही मान्य केले पाहिजे.

२००८ साली ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने ओगिल्व्हीच्या साह्याने ‘बेल बजाओ’ ही मालिका केली. शेजारच्या घरातून मारहाणीचे आवाज येतात. एक गृहस्थ वाचता वाचता उठतो, जाऊन घंटा वाजवतो आणि वाटीभर दूध मागतो. दुसऱ्या एका पटात फोन करावयाचा आहे असे सांगून शेजारी उभा राहतो आणि त्याच क्षणी त्याच्या खिशातला फोन वाजू लागतो. दार उघडणाऱ्या नवऱ्याला कळते की याला सर्व ऐकू आले आहे. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००६ च्या ऑक्टोबरात अमलात आला होता. परंतु पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचे धैर्य नसलेल्या सामान्य शेजाऱ्यालाही करता येईल असे काम या जाहिरातींनी शोधून काढले. एवढे लहान, एवढे नेमके आणि एवढे परिणामकारक सांगणे दुसऱ्या कोणत्याही सामाजिक जाहिरातीत मी पाहिलेले नाही. तंबाखूविरोधी जाहिरातींपैकी टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगाने गेलेल्या खानदेशातील एका तरुणाची जाहिरातही अशीच अंतःकरण विदीर्ण करणारी होती. पण २०१२ पासून चित्रपटगृहांत व दूरचित्रवाणीवर ती इतक्या वेळा दाखवण्यात आली, की पोरे तिची नक्कल करू लागली. त्या नक्कला मी ऐकल्या आहेत आणि मला त्या सहन होत नाहीत.

एव्हाना व्यापाऱ्यानेही समाजकार्याची दीक्षा घेतली होती. टाटा टीने २००७ साली ‘जागो रे’ म्हणत मत मागायला आलेल्या पुढाऱ्याला एका तरुणाकरवी नोकरीच्या उमेदवाराप्रमाणे शिक्षण, अनुभव आणि पात्रता विचारायला लावली, आणि पुढच्या वर्षी बंगळूरच्या ‘जनाग्रह’ संस्थेबरोबर मतदार नोंदणीची मोहीम उघडली. आयडिया कंपनीने जातीवरून पेटलेल्या गावात माणसांना नावाऐवजी मोबाइल क्रमांकाने ओळखण्याचा उपाय पडद्यावर मांडला. महात्मा फुल्यांच्या प्रांतातील माणसाला हा तोडगा हलका वाटल्यावाचून राहणार नाही, आणि मला तो तसाच वाटतो. मुंबईत प्लेग येण्याच्या एक वर्ष आधी, १८९५ साली, भारतात आलेल्या लाइफबॉय साबणाने २०१३ मध्ये मध्य प्रदेशातील ठेसगोरा या गावासंबंधी चित्रपट केला. त्यात एक बाप हातांवर चालत देवळाकडे निघतो, सारे गाव पाठोपाठ, कारण त्याचा मुलगा पाच वर्षांचा झाला आहे. त्याच्या आधीचे एकही मूल तेथवर पोचले नव्हते. कोणताही साबण हे काम करील, हे खरे. तथापि हात धुण्याने अतिसार टळतो हेही तितकेच खरे आहे, आणि येथे कंपनीचा लाभ व मुलाचा जीव एकाच कृतीत एकत्र येतात, म्हणून मी या जाहिरातीला ‘जागो रे’च्या वरचे स्थान देतो. एरियलने २०१६ मध्ये नोकरीवरून परतलेल्या मुलीची ओढाताण पाहून बापाने लिहिलेले क्षमापत्र दाखवले आणि शेवटी त्याच बापाला घरी जाऊन स्वतःचे कपडे यंत्रात टाकायला लावले. हेही नेमके सांगणे होते.

सर्वांत पुढे पाऊल टाकले ते तनिष्कने. २०१३ साली गौरी शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या त्यांच्या जाहिरातीत सावळी वधू, तिची चिमुकली मुलगी, आणि सप्तपदीच्या वेळी त्या मुलीला कडेवर घेणारा वर दिसला. पुनर्विवाहाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नव्हता; रघुनाथरावांचे वडील धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला तेव्हा मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांना वाळीत टाकले होते. त्यानंतर एकशेवीस वर्षांनी दागिन्यांच्या दुकानाने तोच विवाह लग्नसराईत आनंदाने दाखवावा, हे सुधारकांचे ऋण नकळत फेडणेच होते. परंतु २०२० च्या ऑक्टोबरात त्याच पेढीने मुसलमान सासरी हिंदू सुनेचे डोहाळजेवण दाखवले तेव्हा समाजमाध्यमांतून गदारोळ झाला, दुकानांना धमक्या आल्या, आणि आपल्या कर्मचाऱ्यांच्या व दुकानदारांच्या सुरक्षिततेचे कारण देऊन जाहिरात मागे घेण्यात आली. मी त्या पेढीला दोष देत नाही. काचेच्या दर्शनी भागाआड उभ्या असलेल्या विक्रेत्याला तत्त्वासाठी डोके फोडून घेण्यास सांगण्याचा हक्क मला नाही. पण गावकऱ्यांनी वाळीत टाकल्यावरही धोंडोपंतांनी जी गोष्ट मागे घेतली नाही, ती व्यापाऱ्याला मागे घ्यावी लागते, कारण त्याचे कार्य त्याच्या दुकानाहून मोठे कधी होऊ शकत नाही. आणि म्हणूनच अप्रिय समाजकार्याची जबाबदारी आपण जाहिरातदारावर सोपवून निश्चिंत होऊ नये.

मग ती जबाबदारी कोणाची? २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने खासगी वाहिन्यांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली, त्यांत आरोग्य, शिक्षण, शेती, स्त्रियांचे कल्याण अशा लोकहिताच्या विषयांस दररोज तीस मिनिटे देण्याची ताकीद आहे. हा वेळ सलग असण्याची आवश्यकता नाही, तुकड्यातुकड्यांनीही चालेल. फक्त मध्यरात्र ते पहाटे सहा या वेळातले प्रक्षेपण हिशेबात धरले जाणार नाही. कार्यक्रम काय असावा हे वाहिन्यांवर सोपवले आहे, आणि किती मिनिटे झाली याचा अहवाल त्यांनी मंत्रालयाकडे पाठवावयाचा आहे. त्या अहवालात मिनिटांसोबत आणखी एक रकाना असावा, ज्यात प्रेक्षकाला त्या दिवशी कोणते काम सांगितले गेले, ते करावयास त्याने कोठे जावयाचे, आणि तेथे त्याच्यासाठी कोण थांबलेले असेल, हे लिहावयाचे, अशी माझी मंत्रालयाला सूचना आहे.